ओव्यांची शिदोरी

मुलांनो, आज एक अवघड प्रश्न विचारते. समजा, उद्या सकाळी तुम्हाला घर सोडून जायचंय. कायमचं. बरोबर खूप सामान नेता येणार नाही. मग तुम्ही काय घ्याल? क्रिकेटची बॅट? आवडतं पुस्तक? आजीनं शिवलेली गोधडी?

तुम्ही म्हणाल, "असं कशाला होईल?" पण होतं की! बाबांची बदली होते आणि पाचवीतल्या मुलीला शाळा, मैत्रिणी, अंगणातली मांजर सगळं मागं ठेवावं लागतं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या कितीतरी मुलांचे बाबा मुंबईला, आखातात नाहीतर बोटीवर नोकरी करतात. सुट्टी संपली, की बाबांची बॅग पुन्हा भरली जाते आणि घर एकदम मोठं वाटायला लागतं. कधी आजोबा वारतात. कधी आई आजारी पडते. घर तेच असतं, पण आपण जणू दुसऱ्याच गावाला आलेलो असतो.

अशा वेळी माणसं कशाचा आधार घेतात? कुणी मित्राचा, कुणी कामाचा, कुणी देवाचा. आपल्या कोकणात वारीचे अभंग आहेत, दर्ग्यातला ऊद आहे, गावऱ्हाटीतलं गाऱ्हाणंही आहे. आज आपण ख्रिस्ती घरांतल्या आधाराची गोष्ट पाहू. का? तर या गोष्टीत मराठी भाषेचा मोठा वाटा आहे, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो.

सिंधुदुर्ग किल्ला पाहायला तुम्ही मालवणला गेला असाल. किल्ला पाहून परतताना जरा गल्लीबोळांतून हिंडा. कौलारू घरांच्या अंगणात कुठे तुळशीवृंदावन दिसेल, तर कुठे चुन्यानं रंगवलेला पांढरा क्रूस. समोर पणती नाहीतर मेणबत्ती, वर अबोलीचा नाहीतर झेंडूचा हार. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ या भागात फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज, लोबो अशी आडनावं सर्रास ऐकू येतात. यातल्या बहुतेकांचे पूर्वज गोव्यातून आले. कुणी दुष्काळामुळे आलं, कुणी लढायांच्या धामधुमीत, कुणी करांना कंटाळून. कुणी पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाला भिऊनही निघालं. 'इन्क्विझिशन' नावाचं ते न्यायालय गोव्यात १५६० मध्ये सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. ख्रिस्ती झाल्यावरही जुने रीतिरिवाज पाळले म्हणून ते लोकांना पकडायचं. म्हणजे पाहा हं, ही माणसं ख्रिस्ती राज्यकर्त्यांनाच भिऊन निघाली, पण निघताना क्रूस मात्र बरोबर घेऊन आली! राज्यकर्ते वेगळे आणि देव वेगळा, एवढं त्यांना नक्की कळत होतं.

घरात कोकणी, बाजारात मालवणी आणि शाळेत मराठी अशा तीन भाषा ही मुलं रोज बोलतात. (इंग्रजी धरली तर चार.) संध्याकाळी दिवे लागले, की घरातली सगळी माणसं एकत्र बसून जपमाळेची प्रार्थना म्हणतात, म्हणजे रोझरी. ती संपल्यावर मुलं एकेका मोठ्या माणसासमोर जाऊन 'बेसांव' मागतात. बेसांव म्हणजे आशीर्वाद. आपण दिवेलागणीला शुभंकरोती म्हणून मोठ्यांच्या पाया पडतो ना, तसंच. भांडण झालेलं असलं तरी बेसांव मागायचाच आणि द्यायचाच! दुपारी ज्यानं कान पिळला, त्या काकालाही मग 'देव बरें करूं' म्हणावंच लागतं. प्रार्थनेत बोटीवर गेलेल्या बाबांचं नाव येतं, आजारी मावशीचं येतं आणि वारलेल्या आजोबांचंही. रोज, त्याच वेळी, त्याच क्रमानं. मोठ्या माणसांना कधीकधी हे यांत्रिक वाटतं. पण ज्याच्या आयुष्यात बाकी सगळं बदललंय, त्या मुलाला संध्याकाळी सातची ही एक गोष्ट न बदललेली दिसते, हे काही कमी नाही.

मग उन्हाळ्यात क्रुसासमोर 'लदीन' होते. मारिया माउलीच्या नावांची लांबलचक माळच ती. शेजारीपाजारी जमतात, कुणी व्हायोलिन घेऊन येतं, सगळे सुरात गातात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. खरं सांगायचं तर मुलांचं लक्ष बऱ्याचदा चण्यांकडेच असतं! असू दे. दुःखातल्या घरासमोर वीस-पंचवीस माणसं येऊन उभी राहतात आणि गातात, तेव्हा त्या घराला वाटतं, आपण एकटे नाही.

आता या गाण्यांची जुनी हकीकत ऐका.

१५७९ साली एक तिशीचा इंग्रज तरुण जहाजातून गोव्याला उतरला. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. तो येशूसंघाचा, म्हणजे जेजुइट पंथाचा धर्मगुरू होता. त्याचं पुढचं सारं आयुष्य गोव्यातच गेलं. तो कोकणी शिकला, मराठी शिकला, लोकांत मिसळला. तेव्हा त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. नव्यानं ख्रिस्ती झालेली माणसं आतून रिकामी रिकामी झाली होती. त्यांची देवळं पाडली गेली होती, जुन्या पोथ्या वाचायला बंदी होती. पूर्वी पावसाळ्यात पुराण ऐकायचं, जात्यावर ओव्या म्हणायच्या, ते सगळं गेलं. बदल्यात मिळालेल्या प्रार्थना परक्या भाषेतल्या! लोकांचं म्हणणं होतं, की आमची पुराणं घेतलीत, तर आम्हाला दुसरं पुराण तरी द्या.

स्टीफन्सनं ते मनावर घेतलं. त्यानं मराठीत, आपल्या ज्ञानेश्वरीच्या ओवीच्याच वळणानं, बायबलची सगळी कथा लिहिली. तिचं नाव 'ख्रिस्तपुराण'. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत! पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुनी कथा, दुसऱ्या भागात येशूचं चरित्र. मराठी भाषेची थोरवीही त्यानं त्यात तोंड भरून गायली. ग्रंथ १६१६ साली गोव्यात राशोल इथे छापला गेला. सणावारी चर्चमध्ये आणि घरोघरी लोक तो मोठ्यानं वाचू लागले, गाऊ लागले.

माझ्या मते स्टीफन्सचं खरं मोठेपण हेच, की नुसता उपदेश करून भागणार नाही हे त्यानं ओळखलं. दुःखातल्या माणसाला परक्या भाषेत धीर देता येत नाही. तुम्हाला ताप आल्यावर आईनं इंग्रजीत विचारपूस केली, तर कसं वाटेल?

पुढे काय झालं? १६८४ साली गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढला, की लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. पण ओव्या तोंडपाठ असल्या, की हुकूम काय करणार? गोव्यातून उत्तरेला सावंतवाडीकडे माणसं आली, तशी दक्षिणेला कानडा मुलुखात, मंगळूरकडेही मोठ्या संख्येनं गेली. त्यांनी ख्रिस्तपुराणाच्या हातानं उतरवलेल्या प्रती बरोबर नेल्या. आणि तिथेच या ओव्यांची कसोटी लागली.

१७८४ सालची ती गोष्ट. म्हैसूरच्या टिपू सुलतानाची इंग्रजांशी लढाई नुकतीच संपली होती. कानड्यातल्या ख्रिस्ती लोकांनी इंग्रजांना मदत केली असा त्याला संशय होता. त्यानं त्यांना पकडून श्रीरंगपट्टणला नेण्याचा हुकूम दिला. हजारो माणसं, म्हातारी, बाया, तान्ही मुलं घाट चढून पायी निघाली. कितीतरी जण वाटेतच गेले. चर्चं पाडली गेली, धर्मगुरूंना मुलुखाबाहेर घालवलं गेलं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडेपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं हे लोक तिथे अडकून पडले. नेले तेव्हा तुमच्याएवढी असलेली मुलं परत आली ती पंचविशी ओलांडून.

चर्च नाही, पाद्री नाही, घंटा नाही. मग उरलं काय? मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात परंपरेनं सांगतात, की त्या बंदिवासात लोकांना ख्रिस्तपुराणानं धीर दिला. सुटून आल्यावर त्यांनी पडलेली घरं पुन्हा उभी केली, चर्चं बांधली आणि ओव्यांची वाचनंही चालू ठेवली. १९०७ साली मंगळूरच्या जे. एल. सालढाणा यांनी या हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हा छापला. गंमत पाहा, स्टीफन्सच्या ग्रंथाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या छापल्या होत्या. त्यांतली एकही छापील प्रत आज सापडत नाही! टिकल्या त्या फक्त माणसांनी हातानं लिहून जपलेल्या.

आता तुमच्यातला एखादा चौकस मुलगा विचारेल, "पण ओव्या म्हणून दुःख जातं का?"

नाही जात. बायबलमध्ये तरी असं कुठे म्हटलेलं नाही. त्यात स्तोत्रसंहिता नावाचं दीडशे गीतांचं पुस्तक आहे. तुम्हाला वाटेल, सगळी देवाची स्तुती असेल. पण त्यातली कितीतरी गीतं चक्क तक्रारीची आहेत! देवा, तू कुठे आहेस, मला का विसरलास, किती दिवस वाट पाहू, अशा अर्थाची. क्रुसावर येशूनं ज्या गीताचे शब्द उच्चारले, तेही असंच एक गाऱ्हाणं होतं. आणि लाजर नावाचा मित्र वारला, तेव्हा त्याच्या थडग्यापाशी येशू स्वतः रडला, असं योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय. म्हणजे रडणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे. एखादी मालवणी आजी हेच दोन शब्दांत सांगून टाकेल, "रडाक येता तर रड, मगे जेवाक ये."

काही मोठी माणसं मात्र घाई करतात. "देवाची इच्छा," असं म्हणून मुलाचे डोळे पुसायला जातात. त्यानं मूल गप्प होतं, पण आतून शांत होईलच असं नाही. या घाईनं कुणाचं भलं होत नाही, हे एका बाईंच्या गोष्टीवरून चांगलं कळतं. त्यांचा संबंधही ओव्यांशीच आहे, म्हणून आता मालवणहून थोडं वर, जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्याआधी मालवणही रत्नागिरीतच.) त्या जिल्ह्यातल्या करजगावला १८६१ साली नारायण वामन टिळक जन्मले. तुमच्या पाठ्यपुस्तकात ज्यांच्या कविता आई-बाबांनी वाचल्या, तेच रेव्हरंड टिळक. पण आपली नायिका त्यांच्या पत्नी, लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म १८६८ चा. अकराव्या वर्षी, म्हणजे तुम्ही पाचवी-सहावीत असता त्या वयात, त्यांचं लग्न झालं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. माहेरी सोवळ्याचा असा कडक कारभार, की विचारू नका. नवरा विद्वान, कवी, मनानं मोठा, पण लहरी आणि तापट. आज नोकरी इथे, उद्या तिथे. न सांगता घरातून निघून जायचं ही तर नेहमीची गोष्ट. अशातच १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला आणि ते ख्रिस्ती झाले.

लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. त्या काळी धर्म बदललेल्या नवऱ्याबरोबर राहणं म्हणजे जातीतून, माहेरातून, सगळ्यांतून उठणं. पदरात लहानगा दत्तू. नातेवाइकांनी त्यांना टिळकांपासून दूर ठेवलं. काही काळ त्या पंढरपुरातही राहिल्या. जवळजवळ पाच वर्षं नवरा एकीकडे, बायको एकीकडे! पाहा, ज्या श्रद्धेतून पुढे त्यांना आधार मिळाला, तिनंच आधी त्यांचं घर मोडलं होतं. कुणी त्या वेळी त्यांना "ख्रिस्तावर भरवसा ठेवा" असं सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं, आणि तेही अगदी बरोबरच.

शेवटी त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या. पण ख्रिस्ती व्हायला नव्हे हं! स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कायम. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाई आपल्या आपण विचार करत राहिल्या. देवानं माणसं केली, मग जाती कुणी केल्या? हा प्रश्न त्यांना छळत होता. जाती माणसांनीच केल्या असं मनाला पटलं, तेव्हा त्यांनी एकेक बंधन सोडलं, आणि तेही सहज जमलं नाही. १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत त्या तिथे पोचल्या.

म्हणून काही पुढचं आयुष्य सुखाचं झालं असं समजू नका. पैशांची ओढाताण होतीच. काही मुलं लहानपणीच गेली होती. घरात मात्र नेहमी कुणी ना कुणी आश्रयाला असायचं. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना या जोडप्यानं जवळ केलं. 'औदुंबर' लिहिणारे बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. मे १९१८ मध्ये बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. बरोबर वर्षानं, ९ मे १९१९ ला टिळक गेले.

टिळकांच्या टेबलावर एक काम अर्धवट पडलं होतं. अर्धवट कसलं, नुकतंच सुरू झालेलं! येशूचं चरित्र मराठी ओव्यांत लिहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. नाव 'ख्रिस्तायन'. स्टीफन्सनंतर तीनशे वर्षांनी पुन्हा तोच ध्यास. पण टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले होते.

ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. शाळेत न गेलेल्या, जोडाक्षरांशी जन्मभर भांडलेल्या बाईनं! एक-दोन नव्हे, साठाहून अधिक अध्याय त्यांनी लिहिले. नवरा गेल्यावर त्याच्या शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ लिहायला बसणं, ही काय गोष्ट असेल याचा जरा विचार करा. ती त्यांची प्रार्थनाच असावी असं मला वाटतं. याच काळात त्यांनी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्रही लिहिलं. ते १९३४ पासून पुस्तकरूपानं येऊ लागलं. एवढी संकटं सोसलेल्या बाईचं पुस्तक रडकं असेल असं तुम्हाला वाटेल. छे! पानोपानी हसू येतं. सोवळ्यातल्या वडिलांची फजिती, टिळकांचा विसरभोळेपणा, स्वतःचा वेंधळेपणा, काहीच त्यांनी सोडलं नाही. आठवी-नववीतल्या मुलांनी ते अवश्य वाचावं. लहानांना आई-बाबांनी वाचून दाखवावं.

फेब्रुवारी १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. 'ख्रिस्तायना'चा शेवटचा अध्याय तेवढा राहिला होता. तो त्यांच्या मुलानं, देवदत्तनं लिहिला. पंढरपूरला आईच्या पदराआड होता तोच हा दत्तू! मोठेपणी त्यानं 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक पुष्कळ वर्षं चालवलं. एका ग्रंथाला वडील, आई आणि मुलगा असे तिघांचे हात लागले.

परत किनाऱ्यावर येऊ. इथल्या ख्रिस्ती घरांत मृत्यू झाला, की सातव्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी उपासना होते. पुढे महिन्याची, वर्षाची. शेजारचे हिंदू, मुसलमान मित्रही येतात. मुलांना सहसा लांब ठेवत नाहीत, आणि हे फार चांगलं आहे. आई-बाबांनो, तुम्हीही मुलांपासून दुःख लपवू नका. "आजोबा गावाला गेलेत" असं सांगितलं, तर मूल दाराकडे डोळे लावून बसतं. आणि एखादं मूल महिनोन् महिने जेवत नसेल, झोपत नसेल, बोलत नसेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही न्या. श्रद्धा आणि औषध यांचं भांडण नाही. वेंगुर्ल्याचं सेंट लूक्स हॉस्पिटल तर मिशनच्या लोकांनीच काढलेलं.

२०२० साली करोनाच्या टाळेबंदीत मात्र हे सगळंच थांबलं होतं. ईस्टरला चर्चं बंद, अंत्यविधीला मोजकीच माणसं. लदीन नाही, चणे नाहीत. बाबा बोटीवर अडकलेले, आजी दुसऱ्या गावी. तेव्हा कितीतरी घरांत फोन समोर ठेवून रोझरी म्हटली गेली. बेसांव फोनवरूनच मागितला, फोनवरूनच दिला.

दरवर्षी २ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक आपल्या मृत माणसांची आठवण करतात. पावसानं माजलेलं गवत आधी काढतात, थडगी धुतात, चुना देतात. मुलं यात पुढे असतात, कारण पाण्याशी खेळायला मिळतं. मग फुलं येतात, धर्मगुरू आशीर्वाद देतात आणि अंधार पडायच्या सुमाराला मेणबत्त्या लागतात. समुद्रावरचा वारा त्या सारख्या विझवतो. मुलं काड्यापेटी घेऊन या थडग्यावरून त्या थडग्यावर धावत असतात, आणि ज्यांचं आता गावात कुणीच उरलेलं नाही, त्यांच्याही दगडावर एक मेणबत्ती ठेवतात.